सहा अथर पाणी

खल्फान सहा वर्षांत पहिल्यांदा फुलं तोडायला आला, तेव्हाच रय्यानं ओळखलं की काम मोठं आहे.

तेही कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ दिशदाशा आणि भरतकामाची टोपी घालून. आमच्या डोंगरावर गुलाब उजाडता उजाडता तोडतात, ऊन चढायच्या आत, आणि झुडपं माणसाचा हुद्दा बघून काटे आवरत नाहीत. मस्कतच्या बिगरतेल विकास खात्याच्या उपसंचालकांची उजवी बाही पहिल्या दहा मिनिटांत तीन ठिकाणी फाटली. त्यांनी तक्रार केली नाही. रय्याला त्याचीच जास्त काळजी वाटली.

"ताई, यंदा फुलं बरी आहेत."

"बरी आहेत."

"पाऊसही चांगला झाला म्हणे."

"झाला."

"गुडघे काय म्हणतात तुझे?"

रय्यानं फुलांची झोळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा या भावानं फळांची टोपली पाठवली होती, खात्याच्या छापील चिठ्ठीसकट.

"गुडघे आहेत," ती म्हणाली.

आठ वाजता फुलं भट्टीवर चढली. मातीची भट्टी, तिच्यात सहा मडकी, प्रत्येक मडक्यात फुलं, फुलांच्या मधोमध तांब्याचं भांडं, वर गार पाण्याची तांब्याची परात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. डाळिंबाच्या छाटणीची लाकडं खाली, धूर सगळीकडे. खल्फान धुरात उभा राहून खोकत होता आणि खोकताना हसत होता. हे दोन्ही एका वेळी करणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, हे रय्याला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं. तो बिचारा नेहमी मागायलाच यायचा. जाऊन चौदा वर्षं झाली.

कहव्याच्या वेळेला थोरला भाऊ हमूद आला. तीस वर्षं वाळवंटातल्या तेलविहिरींवर काढलेला माणूस; पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इथे. या जूनमध्ये कंपनी त्याला मुदतीच्या दोन वर्षं आधी घरी पाठवणार होती. तेलाचा भाव पडून तिसरं वर्ष चाललं होतं आणि कंपनीच्या भाषेत हमूदला "मोकळं" करण्यात येत होतं.

खजूर पुढे आला, कहवा ओतला गेला, आणि रीतसर चौकशी सुरू झाली.

"काय खबर?" हमूदनं धाकट्याला विचारलं.

"खैर. खबर काही नाही. तुमच्याकडे?"

"खैर. काही नाही. मस्कतची काय खबर?"

"काही नाही. सगळं खैर. डोंगराची?"

"खैर."

आमच्याकडे घराला आग लागली असली तरी पहिल्या दोन फेऱ्यांना खबर काही नसते. तिसऱ्या फेरीला खल्फाननं कहव्याची रिकामी वाटी हलवून पुरे असं दाखवलं, खाली ठेवली, आणि म्हणाला, "एक कागद आहे."

"असणारच," रय्या म्हणाली.

* * *

खल्फानला आपली चूक नीट माहीत होती. ती आपण एकट्यानं केलेली नाही, एवढंच त्याचं समाधान होतं.

अकरा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर वाटणी झाली. बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा, तो तिला मिळालाच पाहिजे, यावर दोघा भावांचं एकमत होतं. तो कशात द्यायचा, यावर त्याहून जास्त एकमत होतं. वरच्या पायऱ्यांची शेतजमीन आणि घर भावांनी घेतलं, कारण जमिनीवर बांधता येतं आणि जमिनीजवळून रस्ता गेला तर सरकार भरपाई देतं. बहिणीला खालची एक चिंचोळी पायरी आणि वडिलांचं फलजमधलं सगळं पाणी दिलं. फलज म्हणजे गावाचा दगडी पाट. त्यातलं पाणी जमिनीला चिकटलेलं नसतं. त्याची मालकी वेगळी असते आणि ती अर्ध्या अर्ध्या तासानं मोजतात. अर्ध्या तासाला अथर म्हणतात. वडिलांचे सहा अथर होते, अकरा दिवसांनी एकदा. त्या वर्षी पाट करंगळीएवढा वाहत होता. हमूद तेव्हा म्हणाला होता, पाच वर्षांत हे आटेल आणि सरकार नळ आणेल. खल्फान म्हणाला होता, दोन वर्षांत.

पुढे पाऊस झाला. पाट भरून वाहू लागला. रय्या आपल्या पाण्यानं भावांच्याही पायऱ्या भिजवत राहिली, त्यांची फुलं आपल्या भट्टीत घालत राहिली, आणि कुणी कधी काही विचारलं नाही. त्यामुळे प्रकल्पाच्या अर्जात "जलस्रोत" या रकान्यात खल्फाननं "कौटुंबिक फलज" असं लिहिलं, तेव्हा त्याला आपण खोटं लिहितोय असं क्षणभरही वाटलं नाही. तीन दिवसांपूर्वी पाण्याच्या पाळ्यांची वही ठेवणाऱ्या पाटकऱ्याचा दाखला मागवला. पाटकऱ्यानं फोनवर वाचून दाखवलं: एक ते सहा, रय्या, रय्या, रय्या, रय्या, रय्या, रय्या.

"प्रकल्प काय आहे ते तर ऐक," खल्फान म्हणाला. "बारा स्टीलची यंत्रं. वरच्या पायऱ्यांवर दोन हजार नवी झुडपं. काचेच्या बाटल्या, सोनेरी झाकण. अर्क असा स्वच्छ की पाणी कुठलं आणि अर्क कुठला ते कळणार नाही."

"मग पाणीच विका की."

"ताई, मस्करी नको. तेल आज आहे, उद्या नाही. तेलाचे पैसे आहेत तोवर तेलावाचून चालणारा देश उभा करायचाय. त्यासाठीच तर आमचं खातं."

"ऐकलं. चार लिफ्टची इमारत बांधली म्हणे खात्याला."

"तीन."

"आणि यासाठी माझं पाणी."

"सहाही अथर. वीस वर्षांच्या करारानं. समिती दुपारी जेवायला येतेय. सही आजच हवी."

रय्यानं उठून परातीतलं पाणी बदललं, परत येऊन बसली. "आणि मी काय करायचं?"

"तू पारंपरिक सल्लागार. पगारी."

"सल्ला कुणाला?"

"पर्यटकांना. काचेच्या खोलीत एक जुनी भट्टी राहील. अकराला आणि चारला ती पेटवायची."

"अकराला? फुलं आठला भट्टीवर चढतात."

"फुलं नकोत तिच्यात," खल्फान म्हणाला. "नुसता धूर."

हमूदनं आणखी एक खजूर घेतला आणि बी काळजीपूर्वक ताटलीच्या कडेला ठेवली. "रय्या, पन्नाशी उलटली तुझी. वाकून वाकून कंबर गेली. बसून पगार मिळतोय तर काय वाईट आहे? मी माझ्या निवृत्तीच्या पैशातले निम्मे घालतोय यात."

"तू घाल. तुझे आहेत."

"तुलाही काहीतरी सोडावं लागेल ना! घर म्हणजे काय नुसतं एकानं द्यायचं?"

"घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे," रय्या म्हणाली. "मी नुसती राहते."

हलव्याचं ताट घेऊन अझ्झा आत आली ती या वाक्यावर. हमूदची ही मुलगी. सत्तावीस वर्षांची, रसायनशास्त्राची पदवी, आणि तीन वर्षं नोकरी शोधणाऱ्यांच्या सरकारी यादीत नाव. ताट ठेवून ती बाहेर गेली नाही. आत्याशेजारी बसायची तिची रोजची जागा होती. आज ती काकांच्या बाजूला बसली.

रय्यानं ते पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"महिन्यापासून. व्यवस्थापक म्हणून माझं नाव आहे, आत्या."

"बरं."

"नुसतं बरं म्हणू नकोस गं. भांड बाई. तुझ्या अर्काला दर वेळी वेगळा वास येतो. एकदा धूर जास्त, एकदा कमी. बाहेर कुणी घेत नाही असलं."

"बाहेर कोण?"

"परदेशात."

"आत घेतात ते चालत नाही का? निझवाचा हलवेवाला पुढच्या वर्षीची मडकी आत्ताच सांगून गेलाय." मग तिनं भाचीकडे नीट बघितलं. "तुमचं कोण घेणार?"

अझ्झाला खोटं बोलायची सवय नव्हती; तीन वर्षं मुलाखती देऊन तिला नोकरी न लागण्याचं ते एक कारण होतं. "पहिली पाच वर्षं खातंच घेणार. परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला."

"खात्याकडे पैसे कुठून येतात?"

खल्फान भिंतीकडे बघू लागला.

"तेलातून," हमूद म्हणाला. त्याला प्रश्न सरळ वाटला होता.

"पहिली पाच वर्षं!" खल्फान म्हणाला. एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, उठला, पुन्हा बसला.

समिती डोंगराच्या पायथ्याशी पोलीसचौकीवर अडकली होती. चारी चाकांच्या जोराची गाडी असल्याशिवाय वर सोडत नाहीत, हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही माहीत असतं. याच डोंगरावर जन्मलेल्या उपसंचालकांनी समितीसाठी खात्याची सगळ्यांत चांगली गाडी दिली होती. काळी, लांब आणि जमिनीपासून वीतभर वर.

"दादा..." खल्फान म्हणाला.

हमूदनं किल्ली उचलली.

* * *

वळणावळणाच्या रस्त्यानं वर येताना हमूदच्या शेजारी समितीचे अध्यक्ष मुहन्ना बसले होते, मागे दोन सदस्य मांडीवर फायली घेऊन. अध्यक्षांचे कान दडे बसून दुखत होते. तरी ते सभ्य गृहस्थ होते आणि गप्प बसणं त्यांना उद्धटपणाचं वाटत असावं.

"तुमच्या भगिनीचं कौतुक वाटतं," ते म्हणाले. "वीस वर्षांचं पाणी देशासाठी द्यायचं म्हणजे मोठं मन लागतं."

"दिलंय म्हणून कुणी सांगितलं, उस्ताद?"

"खल्फाननी. मंगळवारी लेखी कळवलंय. घरात एकमत आहे, सही फक्त उपचार."

हमूदनं पुढचं वळण जरा जोरात घेतलं. मागच्या एका फायलीतले कागद खाली सांडले.

मंगळवारी रय्याला विचारलंच नव्हतं. अजूनही तिनं हो म्हटलेलं नव्हतं. हमूद काही फार विचार करणारा माणूस नव्हता, पण एक गोष्ट तो तीस वर्षं रोज शिकवत आला होता. विहिरीवर दर दोन तासांनी दाबाचा आकडा वहीत लिहायचा असतो, आणि तो मीटरपर्यंत चालत जाऊन, बघून लिहायचा असतो. एक पोरगं गार खोलीत बसून आकडे लिहायचं. आकडे अगदी झकास असायचे. एका ऑगस्टात त्या विहिरीचं तोंड उडालं. पोराचं काही झालं नाही. दुसऱ्याच दोघांचे हात भाजले. त्याच संध्याकाळी हमूदनं पोराला बसमध्ये बसवून परत पाठवलं होतं.

आता तसंच पोरगं घरात निघालं, आणि आपणही सकाळी त्याच्याच वहीत सही करत होतो.

"उस्ताद," तो म्हणाला, "जांभई द्या. कान मोकळे होतील."

* * *

जेवण झालं. भात, बकऱ्याचं मटण, वाळवलेल्या लिंबांची आमटी. पुरुष बैठकीत जेवले, बायका आतल्या खोलीत. हात धुऊन झाल्यावर खल्फाननं फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, "मी कागद आत नेऊन सही आणतो. दोन मिनिटं."

"आत कशाला नेतोस? तिलाच बोलावू," हमूद म्हणाला. "उस्ताद, तुम्हाला मंगळवारी जे कळवलं ते चुकलं. घरात एकमत नाही. जमिनीचा निम्मा हिस्सा माझा आहे. माझ्या बहिणीच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझी जमीनही नाही."

"दादा!"

"मीटर बघून आकडा लिहायचा, खल्फान."

कशाचा मीटर, हे खोलीत कुणालाच कळलं नाही. खल्फानला कळलं; दादाची विहिरीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्यानं टोपण पुन्हा लावलं.

रय्या आली. दाराजवळच्या गादीवर बसली. विधवा बाई, वय झालेलं, परक्या पुरुषांसमोर बसायला आता तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिनं पाहुण्यांची खबर विचारली. खबर काही नव्हती. त्यांनी डोंगराची विचारली. तिथेही सगळं खैर होतं. मग अध्यक्षांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बाई, पाणी देताय का?"

"पाच अथर देणार नाही," रय्या म्हणाली. "भट्टी मी चालते तोवर चालणार. धूर दाखवायला मी बसणार नाही."

खल्फाननं डोळे मिटले. हमूदनं दाढी खाजवली. अझ्झा पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. जग भरलेला होता आणि ती तो कुणालाच देत नव्हती. चेहरा अगदी साधा. तीन वर्षं "कळवतो" हा एकच शब्द ऐकलेली मुलगी जसा ठेवायला शिकते तसा. रय्यानं तिकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आणि सहावा?" अध्यक्षांनी विचारलं. ते पाच आणि सहा यांतला फरक ऐकू येणारे अधिकारी होते.

"सहावा अझ्झाच्या नावानं. एक वर्ष. खात्याच्या नावानं नाही, कंपनीच्या नाही, तिच्या बापाच्याही नाही. पाटकऱ्याच्या वहीत तिचं नाव लागेल. पुढल्या वर्षी मी बघेन तिनं काय केलं, मग बोलू."

"अकरा दिवसांनी अर्धा तास," मागचा एक सदस्य म्हणाला. तो सकाळपासून पहिल्यांदाच बोलला. त्यानं फाईलच्या पाठीवर काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. "नव्या झुडपांना काही उरत नाही. नुसत्या यंत्राच्या थंडाव्याला धरलं तर..." त्यानं मान वर केली. "एक."

"एक काय?"

"यंत्र."

अध्यक्षांनी बत्तीस वर्षं नोकरी केली होती आणि बारामधून अकरा गेलेले त्यांनी याआधीही पाहिले होते, पण इतक्या लवकर नाही. "वर काय सांगायचं?"

"पहिला टप्पा," खल्फान ताबडतोब म्हणाला. पडलेला माणूस पहिल्यांदा हात कुठे टेकतो त्यावरून त्याचा धंदा कळतो. "बाराचा प्रकल्प तसाच ठेवायचा. हा पहिला टप्पा. स्थानिक महिलेच्या नावे जलहक्क, असंही लिहिता येईल. उलट चांगलं दिसेल."

"दिसेल," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी हलवा मागितला.

* * *

यंत्र खात्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर शोभेला ठेवलेलं होतं, म्हणून ते आठवड्यात वर आलं. घराच्या मागे ते उभं केलं, शेजारी सिमेंटची टाकी बांधली. पाळी नवव्या दिवशी आली. सहावा अथर दुपारी दीड ते दोन.

पाटकरी फोनमधलं घड्याळ बघत दगडावर बसला होता. दीड वाजता त्यानं "अझ्झा!" अशी हाक मारली, शेजारीच उभी असूनही, कारण हाक मारायची पद्धत आहे. अझ्झानं पाटाच्या तोंडातला चिंध्या गुंडाळलेला दगड काढला आणि टाकीकडच्या तोंडाचा दगड बाजूला सरकवला. पाणी वळलं. तिच्या नावाचं पाणी. तीन वर्षांत तिच्या नावानं आलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तिला जरा ओरडावंसंही वाटलं.

मग तिला कात्रीचा आवाज ऐकू आला.

आत्या खालच्या पायरीवर वाकून झुडपं छाटत होती. छाटणीचे हे दिवस नव्हेत. झुडपांवर अजून कळ्या होत्या आणि आत्या ती बुडापासून कापत होती. सहा कापून झाली होती.

अझ्झा उड्या मारत खाली गेली. "आत्या! काय करतेस?"

"सहाव्या अथरावर ही पायरी भिजते. वर्षभर पाणी न मिळता ही उन्हात उभी राहणार नाहीत. वाळताना बघण्यापेक्षा कापलेली बरी. लाकूड भट्टीला होईल."

"ही तुझी पायरी. तुझ्या एकटीच्या नावाची."

"हो."

"मग पहिला दे, दुसरा दे! हीच का देऊन बसलीस?"

"वरच्या पायऱ्या तुझ्या बापाच्या आणि काकाच्या. त्यांच्या जमिनीचं पाणी मी कशी तोडू?" रय्या म्हणाली, आणि सातव्या झुडपाला हात घातला.

"किती आहेत?"

"एकेचाळीस होती."

अझ्झा उभी राहिली. वर पाणी टाकीत पडत होतं, त्याचा पोकळ आवाज येत होता. रसायनशास्त्र तिला चांगलं येत होतं. वरच्या पायऱ्यांची फुलं आत्याच्या भट्टीला जातात; ही फुलं गेल्यावर यंत्रात काय घालायचं, हे खात्याच्या अहवालात कुठेच नव्हतं, कारण अहवालात दोन हजार झुडपं होती.

"आत्या, थांब."

"का?"

"व्यवस्थापक मी आहे. थांब म्हणते ना!"

रय्या थांबली. अझ्झा वर धावत गेली, टाकीचं तोंड दगडानं बंद केलं, चिंध्या पायानं दाबल्या, आणि खालच्या पायरीचं तोंड उघडलं. पाटकऱ्यानं घड्याळ बघितलं. "नऊ मिनिटं गेली," तो म्हणाला. "ती परत नाहीत."

"मागितली का?"

पाणी पायरीच्या कडेनं उतरून पहिल्या सरीत शिरलं. अझ्झानं फोन लावला.

"काका, यंत्र थंड करायला टँकर लागेल. दर आठवड्याला एक."

"कसला टँकर? खालून? समुद्राचं पाणी गोडं करून आणतात तो?"

"तोच."

"ते पाणी गॅस जाळून गोडं करतात. टँकर डिझेलवर चढतो. अझ्झा, हा बिगरतेल प्रकल्प आहे!"

"मग बारा बैल पाठवा."

"अगं, अहवालात काय लिहू मी?"

"मीटर बघून लिहा," अझ्झा म्हणाली, आणि फोन बंद करून खिशात ठेवला.

रय्यानं कात्री कमरेला खोचली. कापलेल्या सहा झुडपांपैकी दोनांची मुळं पक्की होती. ती पुन्हा फुटली असती, फुटलीही नसती. उरलेल्या पस्तिसांपैकी शेवटच्या झुडपापर्यंत पाणी पोचायला अजून बारा मिनिटं होती. दोघी बांधावर शेजारी शेजारी बसल्या आणि कुठल्या सरीत पाणी अडतंय ते बघू लागल्या.